सुकेळ्यांवर लढलेलं महायुद्ध

जुना नकाशा आहे मी, मित्रांनो. साऱ्या जगाचा. पाच फूट रुंद, साडेतीन फूट उंच, पाठीला मांजरपाट आणि वर-खाली दोन काळ्या लाकडी पट्ट्या. जगातली एवढी गावं माझ्या अंगावर आहेत, फक्त वसई नाही. छापणाऱ्याने मुंबईचा ठिपका दिला आणि तिच्या वरची जागा ‘मुंबई’ या अक्षरांनीच भरून गेली. ज्या गावात माझं आयुष्य गेलं तेच माझ्यावर नाही, हे मला बरीच वर्षं टोचत आलं. पण सांगणार कुणाला? नकाशाला विचारायला लोक येतात, नकाशाचं ऐकायला कुणी येत नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यात झाला, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी. इंग्रजांचं राज्य तेव्हा गुलाबी रंगात दाखवायची पद्धत होती, त्यामुळे गुलाबी शाई सगळ्यात जास्त लागली. शाई लावणारा माणूस वैतागून म्हणाला होता, “हा गुलाबी संपायचा कधी?” त्याला आणखी दहा वर्षं थांबावं लागलं.

तिथून मी वसईच्या एका शाळेत आलो. ते माझे मानाचे दिवस. मुलं हात धुतल्याशिवाय मला शिवत नसत. युद्ध पेटलं तशी माझी किंमत आणखी वाढली. मास्तर पेपर वाचून यायचे आणि छडीच्या टोकाने दाखवायचे, जर्मन इथवर आले, इंग्रज इथून पळाले. छडी कुठल्याही देशावर तेवढीच जोरात पडायची.

शेवटच्या वर्गात आत्माराम नावाचा एक मुलगा होता. वसईजवळच्या गिरीजचा, केळीच्या वाडीवाल्यांचा. वर्ग सुटला की तो मागे रेंगाळायचा आणि सिंगापूरवर बोट ठेवून उभा राहायचा. त्याचा थोरला भाऊ विठ्ठल फौजेत भरती होऊन तिकडे गेला होता. ते बोट फार हलकं होतं. मला अजून आठवतं, कारण त्यानंतर मला तसं कुणी शिवलं नाही.

मग सिंगापूर पडलं, युद्ध संपलं, इंग्रज गेले. शाळेला नवा नकाशा आला आणि मी माळ्यावर गेलो. वीस वर्षं गुंडाळून पडलो होतो. त्या काळात कसरीने माझं न्यूझीलंड खाल्लं. साऱ्या जगाने एवढं युद्ध केलं, पण माझ्या अंगावरून कायमचा गेलेला देश तो एकटाच, आणि तो गेला एका किड्याच्या तोंडून.

एकदा माळा साफ करायला काढला तेव्हा मी बाहेर, उन्हात, फुटक्या बाकांवर येऊन पडलो. आत्माराम कशासाठी तरी शाळेत आला होता. केस पिकायला लागले होते. त्याने मला उलगडलं, सिंगापूर बघितलं आणि शिपायाला म्हणाला, “हा मी नेऊ का?”

“न्या की. चूल पेटवायला बरा हाय.”

अशा कौतुकाने माझी पाठवणी झाली. सायकलच्या कॅरिअरला बांधून आत्मारामाने मला गिरीजला आणलं आणि सुकेळ्यांच्या खोपीत टांगलं.

सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी. वसईच्या वाडीतली राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि दिवसा मांडवावर उन्हात घालायची. दव पडायच्या आत गोळा करून खोपीत आणायची. आठवडाभर असं केलं की ती मधाच्या रंगाची होतात. मग केळीच्याच सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधायची. महिनोन्‌महिने टिकतात. शिजवायला नकोत, तळायला नकोत. आत्माराम आणि त्याची बायको नर्मदा दोघं मिळून हे काम करायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. खोपीत दिवसभर सोपट फाडल्याचा आवाज असायचा, आणि बाकी काही नाही.

विठ्ठलची गोष्ट मला तिथे कळली. सिंगापूर पडलं तेव्हा तो जपान्यांच्या कैदेत गेला. मग इंग्रजांविरुद्ध लढणारी हिंदी फौज तिथे उभी राहिली, तिच्यात शिरला. चव्वेचाळीस साली ती फौज जपान्यांबरोबर इंफाळवर चालून आली. युद्धानंतर त्याचा एक सोबती घरी येऊन सांगून गेला, “ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून येताना मी त्याला पाहिला. परत ओलांडून जाताना नाही पाहिला.”

बस्स. एवढीच बातमी. ना कागद, ना तारीख.

ती ऐकून म्हातारे वडील एकच वाक्य बोलले, “जिंकणाऱ्यांचा पगार खाल्ला आणि हरणाऱ्यांबरोबर मेला. मूर्ख.” पुढे मरेपर्यंत त्यांनी विठ्ठलचं नाव घेतलं नाही. ते गेले, पण वाक्य घरात राहिलं. आत्मारामाला ते खोटं पाडायचं होतं. हरणारी बाजू खरं तर जिंकू शकली असती, थोडक्यात हुकलं, असं एकदा कुणा जाणत्याने म्हटलं असतं, की विठ्ठल मूर्ख ठरला नसता. एवढंच त्याला हवं होतं. म्हणून तर मला आणलं होतं.

पण जाणता माणूस मिळायला वेळ लागला. शेजारचा नथू कुंपणावरून डोकं काढून विचारायचा, “काय आत्माराम, जपान कुठवर आला? नायगावला तरी पोचला का?” आणि हसत जायचा. आत्माराम एकटाच माझ्यासमोर उभा राहायचा, बोटाने सैन्यं सरकवायचा. मी त्याला काही सांगू शकत नव्हतो. नद्या कुठून कुठे जातात ते मला ठाऊक आहे, माणसं का परत येत नाहीत ते कुठे छापलंय?

सत्त्याहत्तर साली अँथनी निवृत्त होऊन गावी परतला. एस.टी.चा ड्रायव्हर. त्याआधी, युद्धात, इंग्रजांच्या फौजेत तो अँब्युलन्स चालवायचा, तीसुद्धा इंफाळच्याच बाजूला. म्हणजे जिंकणारा! आत्माराम त्याच्या घरी जाऊन त्याला बोलावून आला. मग रोज चारच्या चहाला अँथनी खोपीत यायचा. दोघांच्या घरच्या बोल्या वेगळ्या, म्हणून भांडायला शाळेतलं मराठी वापरायचं असं ठरलं होतं. आवाज चढला की दोघंही ते विसरायचे.

“हे बघ अंतोन, जर्मन रशियात शिरला जूनमध्ये. दोन महिने आधी शिरला असता तर?”

“तेव्हा तिथे चिखल असतो. गाड्या रुततात.”

“तू गेला होतास रशियात?”

“चिखल कुठलाही असो, ड्रायव्हरला कळतो.”

“बरं, जपान्याने अमेरिकेला डिवचलंच नसतं तर?”

“मग पेट्रोल कुठून आणलं असतं? तुझ्या विहिरीतून?”

“तुझं आपलं पेट्रोल, पेट्रोल! माणूस पोटावर चालतो.”

“गाडी नाय चालत पोटावर.”

नर्मदा चहाचे कप ठेवायची. “तुमचं महायुद्ध सहाच्या आत आटपा. केळी गोळा करायची हायत, दव पडंल.”

अँथनी कधीच हार मानायचा नाही. रशिया असो, आफ्रिका असो, ब्रह्मदेश असो, उत्तर एकच: “हरायचेच होते ते, आत्म्या. सोड.” आणि हे म्हणताना तो माझ्याकडे कधी बघायचा नाही. ब्रह्मदेशच्या बाजूला तर पाठच करून बसायचा. मला वाटायचं, जिंकल्याचा तोरा असेल. नकाशाचंही चुकतं.

एकोणऐंशी सालची संक्रांत होऊन गेली होती. बोलता बोलता अँथनीच्या तोंडून निघून गेलं, “वीस दिवसांचा तांदूळ घेऊन निघाले इंफाळला. एकविसाव्या दिवशी काय खाणार? हरायला आणखी काय लागतं?”

आत्माराम सोपट फाडत होता, तो थांबला. “म्हणजे शिधा असता तर जिंकले असते?”

“शिधा न्यायला गाडी लागते, गाडीला–”

“गाडी नको. पाठीवर नेता येईल, नासणार नाही, शिजवायला नको, धूर दिसायला नको, असा शिधा असता तर? हो की नाही?”

आणि तो खोपीत टांगलेल्या सुकेळ्यांकडे बघायला लागला. अँथनीने त्याच्या नजरेमागे नजर नेली आणि हसत सुटला. हसता हसता खोकला आला. “अरे देवा! वहिनी, ऐकलंत का? हा सुकेळ्यांवर महायुद्ध जिंकतोय!”

हसा मित्रांनो, मीही हसलो असतो. पण आत्माराम गंभीर होता. वसईचा वाडीवाला दुसरा काय विचार करणार? शाळेत शिकलेली सगळी लढाई त्याने आपल्या मांडवावर वाळत घातली होती. त्याने तिथल्या तिथे पैज सांगितली. वीस दिवस त्यांचा तांदूळ पुरला, पुढचे चाळीस दिवस सुकेळी. दिवसाला बारा, वर पाणी, बाकी काही नाही. आणि रोज पाठीवर वीस किलोचं पोतं घेऊन गिरीज ते निर्मळ, निर्मळ ते गिरीज. “चाळीस दिवस मी टिकलो, तर तू म्हणायचंस, ते जिंकू शकले असते.”

“तू पंचावन्न वर्षांचा हायस.”

“म्हणूनच. मी टिकलो तर ती पोरं टिकलीच असती.”

“आमचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास महिन्याभरावर हाय, तोवर थांब. जोडीने करू,” अँथनी म्हणाला. मग आत्मारामाचा चेहरा बघून हसू आवरत म्हणाला, “बरं. टिकलास तर चर्चच्या पायरीवर उभा राहून सांगेन.”

“आणि हे नाय टिकले तर मी कुणाला सांगू?” नर्मदा म्हणाली. आणि ती चहाचे कप उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ही मोहीम सुरू झाली. रोज निर्मळहून आल्यावर आत्माराम माझ्यावर बांबूची एक काडी टोचायचा, सैन्य कुठवर आलं ते दाखवायला. पण चिंदविन नदीपासून इंफाळपर्यंतची सगळी वाट माझ्या अंगावर तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. चाळीस दिवसांत काडी सरकणार किती? केसभर, केसभर. आठ दिवसांत तिथे एक भोक पडलं. ज्या जागेसाठी हजारो माणसं मेली तिथून पलीकडची कुडाची भिंत दिसायला लागली.

पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात पोटाचे हाल सुरू झाले. ते काय झाले, हे मी तुम्हांला सांगत नाही. नकाशालाही काही रीतभात असते. नथू कुंपणावरून ओरडायचा, “जपान्याला आज झालं का साफ?” तिसऱ्या आठवड्यात आत्मारामाच्या सदऱ्याला खांदे पुरेनात. गालफडं बसली. बोलणं कमी झालं. नर्मदा रोज भाताची पेज करून खोपीच्या दारात ठेवायची आणि रोज गार झालेली उचलून न्यायची. ती रागावत नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

अँथनीचं हसणंही आटलं होतं. विसाव्या दिवशी तो म्हणाला, “बस झालं, आत्म्या. मी म्हणतो ना. जिंकले असते. जा.”

“दयेने नको. वीस दिवस राहिलेत, होऊ दे.”

सव्विसाव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, आत्माराम निर्मळहून आला. खोपीच्या दाराबाहेर त्याचे पाय गेले. पाठीवर पोतं तसंच, आणि तो बांधाला टेकून बसला. आत अँथनी चहाची वाट बघत होता. पोतं उतरवायला मदत हवी म्हणून आत्मारामाने हात वर केला. नुसता हात.

अँथनी उठला आणि दारातच थांबला. त्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

“हात खाली कर,” तो म्हणाला. मग ओरडला, “आत्म्या, हात खाली कर!”

नर्मदा धावत आली. तिने पोतं सोडवलं, नवऱ्याला धरून आत आणलं, माझ्याखाली बसवलं. अँथनी मात्र दारातच उभा होता. तिथूनच बोलायला लागला. शाळेतलं मराठी केव्हाच सुटलं होतं.

“चव्वेचाळीसचा ऑगस्ट. इंफाळच्या पलीकडे, तामूच्या रस्त्याला होतो मी. तुझ्या भावाच्या बाजूची मानसं परत चालली होती. ज्यांना चालता येत होतं ती. बाकीची रस्त्याच्या कडेला. गोळी लागलेली नाय. नुसती हाडं, आनि डोळे उघडे. माझी गाडी भरलेली, आमचेच जखमी. एकाने हात वर केला. असाच. जपानी नव्हता, आपला होता. ‘भाई’ म्हनाला. मी गाडी थांबवली नाय.”

“विठ्ठल होता?” आत्मारामाने विचारलं.

“मना नाय माहीत. मी तोंड बघितलं नाय. बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं.” अँथनीने चौकटीला हात धरला. “एकोनतीस वर्षं एस.टी. चालवली. हात दाखवलेला एक मानूस सोडला नाय. स्टॉप असो, नसो. कंडक्टर शिव्या घालायचे. तू रोज विचारायचास, जिंकले असते का, जिंकले असते का. हो म्हटलं असतं तर पुढे विचारलं असतंस, मग हरले कशाने. ते मना सांगायचं नव्हतं.”

मांडवावरची केळी गोळा करायची वेळ टळून गेली. त्या दिवशी ती तशीच दवात राहिली. आत्माराम आपल्या पायांकडे बघत होता. मला वाटलं, आता हा अँथनीला घालवून देईल. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे येऊन बसणारा तो एकच माणूस होता.

“नर्मदा,” तो म्हणाला, “पेज आहे का?”

तिने वाडगा आणला. हातात घेऊन त्याने तो तसाच पुढे केला. “आधी अंतोनला दे. तो माझ्याआधीपासून उपाशी आहे.”

अँथनी आत आला, जमिनीवर बसला आणि त्याने ती पेज प्यायली. मग दुसरा वाडगा आला, तो आत्मारामाने घेतला. महायुद्ध एकोणीसशे पंचेचाळीसला संपलं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मी सांगतो, गिरीजमध्ये ते एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत संपलं. कोण जिंकलं ते मला विचारू नका. मी समोरच होतो, तरी सांगता येत नाही.

चार दिवसांनी, अंगात थोडी ताकद आल्यावर, आत्मारामाने माझ्यावरची काडी काढली. अँथनी बाजूला होता. “बाबा म्हणायचे, हरणाऱ्यांबरोबर मेला,” आत्माराम म्हणाला. “हरणाऱ्यांबरोबर नाय रे मेला तो. उपाशी माणसांबरोबर मेला.” मग त्याने मला खालून वर गुंडाळलं आणि सुतळीने बांधून आढ्यावर ठेवलं.

तेव्हापासून मी इथेच आहे. सहा-सात वर्षं झाली असतील. आता दोघं खोपीत बसत नाहीत, घराच्या ओट्यावर बसतात. त्यांचे आवाज कानावर येतात. अँथनीचे दात, नर्मदेचे गुडघे, बोळिंजकडे उभ्या राहणाऱ्या इमारती, कुणाची वाडी कुणी घेतली. युद्धाचं नाव निघत नाही. विठ्ठलचं मात्र निघतं. लहानपणी तो पोहायला कसा जायचा, केळीचा लोंगर एका हाताने कसा उचलायचा. अँथनी विचारतो आणि आत्माराम सांगतो. त्या घरात ते नाव पुन्हा घेतलं जातं, याचा मला आनंद आहे. फक्त त्यांना आता माझी गरज उरली नाही. गुंडाळलेल्या नकाशाच्या आत सारं जग असतं मित्रांनो, आणि तिथे फार अंधार असतो.

पण माझं सोडा. मला जपा असं मी म्हणणार नाही. माझ्यावरचे निम्मे देश आता जगात राहिलेले नाहीत, कसर उरलेलेही खाईल. मागणं दुसरंच आहे. तुमच्या आळीत एखादा म्हातारा असेल. रोज तोच प्रश्न विचारणारा, कधीच्या हरलेल्या लढाया पुन्हा लढणारा, ज्याला बघून शेजारी कुंपणावरून हसतात. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला इतिहास शिकवायला तर मुळीच जाऊ नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि हळूच विचारा, “तिकडे तुमचं कोण होतं?”

हरलेल्यांच्या बाजूने एवढा जीव तोडून भांडणाऱ्या माणसाचं तिकडे कुणीतरी असतंच.